चार जोड्या कमी

कुंभारतळ ते आंबमाची हे अंतर ज्याच्या त्याच्या सायकलच्या चेनएवढं असतं. चेन लांब असेल तर घाट लांब, आखूड असेल तर घाट आखूड. यात नवल करण्यासारखं काही नाही. आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे.

बांधकाम खात्याला मात्र याचा त्रास होतो. घाटाच्या पायथ्याशी त्यांचा पिवळा दगड आहे. त्यावर 'आंबमाची' एवढंच लिहिलंय, खाली आकड्याची जागा कोरी. अधूनमधून एखादा नवा इंजिनिअर येतो, रंगाचा डबा उघडतो, चावडीवर बसलेल्यांना अंतर विचारतो, पाच जणांकडून पाच आकडे ऐकतो आणि चहा पिऊन परत जातो. डबा गावाला राहतो. आमच्या शाळेच्या खिडक्या त्याच रंगाच्या आहेत.

एसटीला चेन नसल्यामुळे ती आंबमाचीला जात नाही. एकदा गेली होती. संध्याकाळी ती कुंभारतळच्याच स्टँडवर येऊन उभी राहिली, आणि ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की गाडी त्यानं कुठे वळवलीच नाही. मोटारसायकलला चेन असते, पण ती झाकणाच्या आत. झाकलेली चेन धरायची की नाही याबद्दल वरून अजून काही आलेलं नाही, म्हणून कुणी जोखीम घेत नाही. डबलसीट जाणाऱ्यांत चालवणारा पोचतो, मागे बसलेला पोचत नाही. आणि चालणाऱ्यांचं तर विचारूच नका. पायाला चेन नाही, त्यामुळे चालणाऱ्याला अंतरच नाही. आणि अंतर नाही म्हटल्यावर संपायचं तरी काय? जे चालत निघाले ते अजून चालतायत. प्रकृती चांगली आहे सगळ्यांची. दिवाळीला घरचे लोक सायकलवरून त्यांना फराळ पोचवतात.

चेनमधली एक कडी आतली असते, एक बाहेरची. कमी करायची तर दोन्ही मिळून जोडीच काढावी लागते, नाहीतर टोकं एकमेकांत बसत नाहीत. एक जोडी म्हणजे घाटातलं एक वळण. इतकं माहीत असलं की पुरतं. श्रीरंग खटावकरला इतकंच माहीत होतं.

श्रीरंग आमच्या नगरपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात आहे. गावाला पाणी सोडायचं काम त्याचं. त्याची बायको, वैजयंतीवहिनी, आंबमाचीच्या सरकारी मधमाशी केंद्रावर. सात वर्षांपूर्वी त्यांची तिकडे बदली झाली आणि नंतर त्यांच्या जागी जायला कुणी तयार होईना, म्हणून त्या तिथेच राहिल्या. शनिवारी दुपारी वरच्या आळीचं पाणी बंद केलं की श्रीरंग निघायचा. आंबमाचीला पोचेपर्यंत अंधार. रविवारी संध्याकाळी खालच्या आळीला पाणी सोडायचं असल्यामुळे सकाळी चहा घेऊन तो परत उतरायचा. म्हणजे आठवड्यातून एक जेवण आणि एक चहा, एवढा त्यांचा संसार.

श्रीरंगच्या सायकलला मागची चाकं दोन. एकाला बारकी कॅसेट, म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेली दात्यांची लहान लहान चक्रं; ते चाक सोमवार ते शुक्रवार नदीकाठच्या पंपघराच्या सपाट रस्त्यासाठी. दुसऱ्याला मोठी कॅसेट, तिचं शेवटचं चक्र भाकरीएवढं. ते शनिवारचं, घाटाचं. चाक बदलायला त्याला सुपारी कातरण्याइतकाही वेळ लागत नसे. चेन मात्र एकच होती, आणि ती मोठ्या कॅसेटला मापलेली.

घाट संपायला चार वळणं उरली की एक जांभळीचं झाड लागतं. वहिनी पहिल्यांदा हजर व्हायला निघाल्या तेव्हा दोघं बरोबरच चढली होती, आणि त्या झाडाखाली वहिनींची चेन उतरली होती. चेन बसवून झाल्यावर दोघांनी तिथेच डबा खाल्ला. वर केंद्राचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, इथून दिवा दाखवलात तर मला वरून दिसेल. मी भात टाकत जाईन." तेव्हापासून श्रीरंग दर शनिवारी जांभळीच्या वळणावर थांबायचा, सायकलचा दिवा तीनदा झाकून उघडायचा, आणि वर वहिनी भात टाकायच्या. पण त्यापुढची वळणं चढाची नसली तरी फार लांब. श्रीरंग दारात पोचायचा तेव्हा भात गार झालेला असायचा. पाण्याचा हबका मारून वहिनी तो परत वाफवायच्या.

या भाद्रपदात आंबमाचीवर कारवी फुलली.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. मागच्या खेपेला फुलली ते वहिनींचं तिथलं पहिलं वर्ष. तेव्हाही श्रीरंग प्रत्येक शनिवारी अंधारात पोचला होता आणि प्रत्येक रविवारी धुक्यातून उतरला होता; माचीवरचं धुकं दुपार झाल्याशिवाय फाटत नाही. म्हणजे बायको सात वर्षं ज्या फुलांच्या मधाच्या गोष्टी सांगत होती, ती फुलं त्यानं पाहिलीच नव्हती. पुढच्या खेपेला फुलतील तेव्हा वहिनी निवृत्त झालेल्या असतील.

"एकदा उजेडात या," वहिनी फोनवर म्हणाल्या. "एकदाच. मला तुम्हाला दाखवायचीय."

श्रीरंगनं रजेचा अर्ज केला. साहेबांनी तो वाचला आणि फार सहानुभूतीनं म्हणाले, "खटावकर, किरकोळ रजेच्या कारणांत लग्न आहे, आजार आहे, मयत आहे. फुलं बघणे हे कुठं बसवू?"

"आजारात बसत नाही?"

"सात वर्षांनी एकदा येणारा असेल तर बसवता येईल. दाखला आणा."

दाखला कुठून आणणार. श्रीरंग सायकल घेऊन अन्वर शिकलगारच्या दुकानात गेला.

अन्वर त्याचा शाळेतला बाकसोबती. दोघांनी मिळून सातवीची परीक्षा दिली होती, म्हणजे पेपर अन्वरनं लिहिला आणि श्रीरंगनं बघितला. अन्वर तेव्हा एका चाकाचा बाक काढत बसला होता.

"कापायचीय," श्रीरंग म्हणाला.

"मान का?"

"चेन."

अन्वरनं चाक खाली ठेवलं. "चेन मापाची आहे तुझी. मी स्वतः मापलीय. पुढचं मोठं चक्र, मागचं मोठं चक्र, दोन्हीवरून चेन फिरवली, टोकं जुळली तिथं वर एक जोडी सोडली आणि तोडली. याच्याहून बरोबर माप तुला तालुक्यात कुणी देणार नाही."

"पंपघराला जाताना लोंबते."

"लोंबणारच. दोन कॅसेट वापरायच्या आणि चेन एक, तर माप मोठीचं घ्यायचं आणि बारकीवर लोंबू द्यायची. बारकीला मापलीस आणि वर मोठी लावलीस, तर ज्या दिवशी त्या शेवटच्या चक्रावर जाशील त्या दिवशी तो डिरेलर उपटून स्पोकात जाईल. मग बस हातात घेऊन."

डिरेलर म्हणजे मागे लोंबणारा तो गिअरचा हात, चेन ताणून धरणारा. श्रीरंगनं त्याच्याकडे बघितलं.

"बारकीला मापली तर किती कमी होईल?"

"चार जोड्या."

"चार वळणं," श्रीरंग म्हणाला. "उजेडात पोचेन मी."

अन्वरच्या आता लक्षात आलं. त्यानं दुकानातल्या पोत्यावर बसकण मारली. "वहिनींनी बोलावलंय होय. मग बारकी कॅसेट लावूनच जा की लेका. आखूड चेन, आखूड घाट, भांडण नाही."

"बारकीवर म्हसोबाची चढण मी चढलो तर तुम्हाला चौकात माझा पुतळा बसवावा लागेल."

"चौक तेवढा मोठा नाही," अन्वर त्याच्या पोटाकडे बघत म्हणाला.

"म्हणजे बघ अन्वर, ज्या चेननं चढता येतं तिनं रस्ता लांब होतो. आणि जिनं रस्ता जवळ येतो तिनं चढता येत नाही."

"हे काय तुझ्या एकट्याचं आहे?" अन्वर म्हणाला.

शेवटी असं ठरलं, की चेन बारकीच्या मापाला आणायची, चाक मोठ्या कॅसेटचं लावायचं आणि शेवटच्या चक्रावर जायचंच नाही. त्याच्या आधीचं चक्र चालेल. अन्वरनं गिअरच्या खटक्यावर काळी चिकटपट्टी लावली. "ही पट्टी म्हणजे मी. समज मीच बसलोय इथं."

मग त्यानं चेन काढून खिळ्याला टांगली आणि जोडकडीपासून मोजायला घेतलं. जोडकडी म्हणजे चेनची दोन टोकं जिथं मिळतात ती कडी. आंबमाची तिथं येते.

"कुठली काढू? खालची वळणं काढून उपयोग नाही. त्यांच्यात जीव नाही, दोन पेडल मारली की संपतात. वेळ खातात ती वरची चार. हे देवराईचं. हे तुटक्या कठड्याचं. हे वाऱ्याचं."

"ही तीन काढ."

"तिनात भागत नाही. कातरवेळेला पोचशील. फुलं दिसतील, रंग दिसणार नाही." त्यानं चौथी जोडी चिमटीत धरली. "जांभळीचं."

"ते राहू दे."

"दिवा दाखवतोस ना तू तिथनं?"

"हो."

"या खेपेला उजेडात निघालायस. उजेडात दिवा कशाला लागतोय?"

हे बरोबर होतं. श्रीरंगनं त्यात चूक शोधून पाहिली, सापडली नाही, म्हणून त्यानं मान हलवली. अन्वरनं चेनकटर लावला. पिना एकेक करून बाहेर आल्या. चारही जोड्या त्यानं वर्तमानपत्रात बांधल्या, चेनकटरसकट श्रीरंगच्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाला, "जपून ने. रस्ता आहे तो. इकडेतिकडे पडला तर कुणाच्यातरी पायात यायचा."

शनिवारी श्रीरंग निघाला तेव्हा गावातले आम्ही सगळे पारावर होतो. तो इतका लगबगीनं गेला की वरच्या आळीचं पाणी बंद करायचं राहिलं. त्या दिवशी वरच्या आळीत तीन घरांनी गोधड्या धुतल्या.

खालचा घाट नेहमीसारखाच गेला. म्हसोबाच्या चढणीपाशी श्रीरंगनं मान वर केली आणि त्याचा पाय क्षणभर थांबला. एरवी तिथून जांभळीचं झाड दिसायचं. आता झाड नव्हतं. चढण संपत होती तिथे थेट माचीची कड होती, आणि कडेवर, उन्हात, निळसर काहीतरी. ऊन अजून चांगलं दोन हात वर होतं. मधे राहिली होती ती एक चढण.

तो शेवटून दुसऱ्या चक्रावर गेला. निम्मी चढण चढला आणि मांड्यांनी नकार दिला. सायकल मागे घरंगळली. त्यानं पुन्हा जोर केला. मागच्याहून हातभर वर गेला, पुन्हा घरंगळला. तिसऱ्या वेळी त्याचा अंगठा आपोआप त्या खटक्यावर गेला, खाली अन्वरची पट्टी लागली, आणि त्यानं तो मागे घेतला.

"उतरून ढकलायचा विचार असला तर करू नका," बाजूनं आवाज आला.

ते आबा पिसाळ होते. भाचीच्या लग्नाला आंबमाचीला चालत निघालेले. डोक्याला फेटा, काखेत आहेराची तांब्याची घागर. घागर इतकी लखलखीत की तीत सगळी चढण दिसत होती.

"मी उतरणार नव्हतो, आबा."

"सगळे असंच म्हणतात. दुरुस्तीसाठी उतरलं तर चालतं. पण सायकल हातात धरून एक पाऊल पुढं टाकलं की तुम्ही आमच्यातले." आबांनी घागर दुसऱ्या काखेत घेतली. "लग्न कसं झालं हो? काही ऐकलंत?"

"चांगलं झालं म्हणतात. तुमच्या भाचीला दोन मुलं आहेत आता. थोरली शाळेत जाते."

"अरे वा. पोरगी रडली का निघताना?"

"ते नाही माहीत."

"रडली असणार. हळवी आहे." आबा बराच वेळ माचीकडे बघत राहिले.

"घागर द्या माझ्याकडे. मी पोचवतो," श्रीरंग म्हणाला.

"तुम्ही पोचवलीत तर मग मी कशाला चाललोय?" आबांनी शांतपणे विचारलं.

श्रीरंगनं ऊन पाहिलं. दीड हात. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. त्या शेवटच्या चक्रावर जायचं तर, पुढं लहान चक्र असूनही, चेन निदान एका जोडीनं वाढवायला हवी होती. अन्वरनं माप घेताना वर एक जोडी सोडली होती, ती चैन आज करायची नव्हती. नुसती पोचली तरी बास.

"मागचं चाक जरा उचलून धरता का, आबा?"

आबांनी घागर रस्त्यावर ठेवली आणि चाक उचललं. श्रीरंगनं पुडी उघडली. चार जोड्या, चारही एकसारख्या, पण त्यानं दुसरीला हात लावलाच नाही. जांभळीची जोडी तिच्या जागी, म्हसोबाच्या चढणीच्या पुढे बसवली, पिना दाबल्या, पट्टी सोलली. चेन शेवटच्या चक्रावर चढली तेव्हा इतकी ताठ झाली की बोट लावलं असतं तर सूर निघाला असता. डिरेलर कुरकुरला. पण टिकला.

"येऊ का मग?"

"मी येतोच आहे मागनं," आबा म्हणाले.

श्रीरंग चढण चढून वर आला. समोर जांभळीचं वळण होतं. आणि झाडाखाली, सायकल खोडाला टेकवून, वैजयंतीवहिनी बसल्या होत्या.

"वैजू? कधीची बसलीयस?"

"झाला बराच वेळ. म्हटलं उजेडात येतो म्हणाले, मग एवढा उशीर का, चेनबिन तुटली की काय. तुम्ही थांबता ती जागा म्हणून इथं येऊन बसले. खाली बघतेय, तर म्हसोबाच्या चढणीवर कोणीतरी धापा टाकतंय ऐकू येतं, दिसत काही नाही."

"मीच तो."

"ते कळलं हो. धाप ओळखते मी तुमची." वहिनींनी चेनकडे पाहिलं, मग त्याच्या काळ्या झालेल्या बोटांकडे. "हे वळण काढलं होतंत तुम्ही?"

"अन्वर म्हणाला..."

"अन्वरभावजी म्हणाले म्हणून तुम्ही सातवी पण पास झालात."

"उजेडात यायचं होतं, वैजू. तूच म्हणालीस."

"मी उजेडात या म्हणाले. आपण जिथं डबा खाल्ला ती जागा काढून या असं नाही म्हणाले." पण हे त्या रागानं बोलल्या नाहीत. त्यांनी पदरानं त्याचं कपाळ पुसलं आणि ऊन बघितलं. ऊन हातभर राहिलं होतं. "बरं, आता बोलत बसू नका. तुम्हाला इथून पुढे काहीच नाहीये ना?"

"काही नाही. वळलं की माची."

"मग जा. आत्ता पश्चिमेकडून ऊन पडलंय, सगळा उतार पेटल्यासारखा दिसत असेल. जा लवकर."

"आणि तू?"

"मला माझी तीन वळणं आहेत."

वहिनींची सायकल जुन्या घडणीची, एकाच चक्राची. तिला डिरेलर नाही, त्यामुळे तिची चेन एका जोडीनंही कमी करता येत नाही; केली तर बसतच नाही. तरी श्रीरंगनं एकदा तिच्या चेनकडे बघितलं. मग तो आपल्या कॅरिअरकडे बघू लागला.

"डबलसीट सुचवू नका," वहिनी म्हणाल्या. "मला आबा पिसाळांबरोबर फिरायचं नाही. आणि जा तुम्ही, अहो. मी ती रोज बघते. मोहरली तेव्हापासून बघतेय. तुमचीच राहिलीय."

श्रीरंग सायकलवर बसला. एक पाय पेडलवर ठेवला. वळणापलीकडून खरोखरच निळसर उजेड आल्यासारखा वाटत होता. उन्हात कोणी रंगीत चादर झटकली की भिंतीवर पडतो तसा. तो तसाच थोडा वेळ बसून राहिला. मग उतरला, दुरुस्तीसाठी उतरतात तसा, आणि पिशवीतून पुडी काढली.

"काय करताय?"

"रस्ता लांब करतोय."

"वेडे आहात का? अंधार होईल पोचेपर्यंत."

"होईल."

"मग दिसणार काय कपाळ?"

श्रीरंग पुडीतल्या जोड्या ओळीनं मांडत होता. वाऱ्याचं, तुटक्या कठड्याचं, देवराईचं. "तू नाही का, दाखवायचीय म्हणालीस," तो म्हणाला. "एकट्यानं बघून मी काय करू? मागचं चाक धर जरा."

वहिनींनी पदर खोचला आणि चाक उचलून धरलं.

जोड्या बसेपर्यंत ऊन चार बोटांवर आलं. वाऱ्याच्या वळणावर ते गेलं. दोघं शेजारीशेजारी सायकल मारत होती. वहिनी हजर व्हायला निघाल्या त्यानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं हा रस्ता बरोबर कापत होती. तुटक्या कठड्यापाशी वहिनींनी केंद्रातल्या चौथ्या पेटीची हकिगत सांगितली, तिच्यातली राणी म्हातारी झालीय आणि तिला ते कबूल नाही. देवराईत दिवे लावावे लागले. माचीवर पोचले तेव्हा दिव्यांच्या उजेडात रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या बाहेर काही नव्हतं.

"आता डाव्या हाताला सुरू झाली," वहिनी म्हणाल्या.

"बरं."

"पार कड्यापर्यंत आहे. कमरेच्या वर."

"कुठल्या रंगाची?"

"निळी. म्हणजे अगदी निळी नव्हे." वहिनींनी पेडल सावकाश केलं. "शाईचा डाग धुतला की उरतो ना शर्टावर, तुमच्या खिशापाशी? तसली."

श्रीरंग डावीकडे बघत होता.

"सांभाळा, इकडे उजवीकडेही आहे. ही थोडी फिकी, हिला सावली लागते. आणि मधेच एक झुडूप पांढरं आहे, ते कसं काय ते मला ठाऊक नाही. आलं. हे बघा. गेलं."

"दिसलं," श्रीरंग म्हणाला.

केंद्राच्या फाटकापर्यंत वहिनी दाखवत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. श्रीरंग चहा पिऊन उतरला. कारवी पुढच्या शनिवारपर्यंत गळायला लागली, आणि मग तिचं वर्ष संपलं.

सोमवारी तो अन्वरच्या दुकानात गेला. अन्वरनं चेन बघितली आणि कपाळाला हात लावला. "परत चारही घातल्यास. मग मी कापली कशाला? आणि जांभळीची पिन बघ, वाकडी बसवलीयस. वाटेत सुटली असती म्हणजे?"

"ती काढ."

"काढू ना? आता कळलं का तुला."

"काढ आणि शेवटी घाल. सगळ्यात शेवटी, जोडकडीला लागून."

अन्वरनं मनातल्या मनात मोजलं. "जोड्या तेवढ्याच राहतील. रस्ता तेवढाच. एक क्षणभर लवकर पोचणार नाहीस तू."

"माहीत आहे."

"मग उपयोग काय?"

श्रीरंगनं चेन काढून खिळ्याला टांगली. अन्वरनं पिन सरळ ठोकली आणि जोडी शेवटी घातली.

आता सोमवार ते शुक्रवार श्रीरंग बारक्या कॅसेटवर पंपघराला जातो तेव्हा चेन लोंबते आणि रस्ताभर खळखळत असते. गावाला त्या आवाजावरून कळतं की पाणी सुटणार, आणि बायका हंडे घेऊन बाहेर येतात. शनिवारी तो मोठी कॅसेट लावून निघतो आणि पहिल्यासारखाच अंधारात पोचतो. जांभळीचं झाड त्याला आता माचीच्या अगदी तोंडाशी लागतं. तिथे तो थांबतो, दिवा तीनदा झाकून उघडतो, आणि वर वहिनी भात टाकतात. तो दारात येतो तेव्हा पाण्याला नुसती उकळी फुटलेली असते. भात शिजेपर्यंत दोघांना काही काम नसतं.